आठवी बादली

माय, माझ्या हातानं काय काय झालं ते आधी सांगतो. हुडको वसाहतीतल्या घराचा माळा, कूलरची चौकट, बायकोच्या शिवणयंत्राचं टेबल, आणि सागवानी फळीवर बसवलेली पत्र्याची तेरा भांडी: बाहेरच्या कडेला एक, मधल्या खणात पाच, आत सात. प्रत्येकात इलेक्ट्रॉन म्हणून टाकायच्या दोनच गोळ्या मावतात; तिसरी बसू नये अशा मापानं मी ती कापली आहेत. यांच्यावर मी बारावीच्या पोरांना आंतर-संक्रमण मूलद्रव्यांमधली इलेक्ट्रॉनची मांडणी शिकवतो. कॉलेजची पायरी चढलो नाही, रद्दीतल्या पुस्तकांतून शिकलो. पण पहिला धडा तुझा.

सेक्टर सहाचं, कारखान्याचं क्वार्टर. नळ येतो, तू पदर खोचतेस. "आंधी दाराजवळचा रांजण. तुह्या बाबाले भट्टीवरून आल्यावर हातपाय धुवाले लागते. मंग आतले." दोन बादल्यांत रांजण भरतो. मग आतले सात गुंड, त्या पितळी घागरी. मी घाईत पहिलाच गुंड दोन बादल्या ओतून काठोकाठ भरला, तर पाठीत धपाटा. "एकाचंच पोट भरून राहिला? बाकीच्यायनं का तोंड पाहावं? नळ कवाही जाते. सबमधे एक एक टाक!" पहिल्या दोन मूलद्रव्यांची, लँथेनम-सिरियमची, कुरबुर सोडली, तर युरोपियमपर्यंत हेच चालतं, माय. बाहेरची जागा आधी, आतली नंतर, आणि आतल्या सात घरांत एकेक. पुढे गॅडोलिनियम. त्याचा आठवा इलेक्ट्रॉन आत कुणाच्या जोडीला बसत नाही, मधल्या कप्प्यात जातो. तूही आठवी बादली मधल्या खोलीत ठेवायचीस. "साती सारखे हायेत, राहू दे तसेच."

परवा एका कोचिंगचा मॅनेजर घरी आला. त्याला माझ्या शिकवण्याचे व्हिडिओ हवे होते. भांडी पाहून, तुझी गोष्ट ऐकून खूश झाला. "कमाल है, सर! बस ये आठवीं बाल्टी और माताजी हटा दीजिए. गॅडोलिनियम अपवाद है, बच्चे रट लेंगे."

"माताजी नहीं हटेंगी," मी म्हटलं.

तो गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "सासूबाई गेल्या, तरी पाणी भरूनच राहिल्या." हसली मात्र नाही.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. उठतो, भांडी पुसतो, गोळ्या काढतो, पुन्हा टाकतो. रांजण आठवतो, धपाटा तर अजून पाठीवर आहे. पण आठवी बादली? ती तू खरंच मधल्या खोलीत ठेवायचीस, की गॅडोलिनियम वाचल्यावर मीच ती तिथं नेऊन ठेवली? मी, ज्याला भांड्याचं माप सुताभरानं चुकलेलं खपत नाही! इतकी वर्षं पोरांना छातीठोकपणे सांगत आलो. विचारायला बाबाही उरले नाहीत, आणि हे पत्र टाकायला पेटी नाही. त्या एका बादलीपायी नाही म्हटलं, माय. वर्षभराचा लेखी करार होता, महिन्याला साठ हजार.