मागच्या बाकावरचे अकरा

मी, दादाजी तानबाजी नवघरे, फोटोग्राफर, वय एकसष्ट, राहणार ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा, पूर्ण शुद्धीत आणि भरपूर रागात हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. राग कायद्याला चालतो, असे वकिलांनी सांगितले आहे.

१. राहते घर पत्नी कमळा हिला. माझी बडबड तिने तीस वर्षे ऐकली.

२. कॅमेरा व तिपाई शाळेला. पुतण्या देवाजीला मुळीच नाही. तो म्हणतो, "उजेडासाठी बारूद उडवा ना काका, कौलं काऊन काढून राह्यले?" अरे, बारूद उडाली की चाळीस माणसे ऐंशी डोळे मिटून बसलेली दिसतात! मी खिडक्या उघडतो, छपराच्या दोन ओळी कौले काढतो, समोर पांढरी धोतरे टांगतो, भिंगाची टोपी काढून आठ अंक मोजतो; तोवर कोणी हलायचे नाही. देवाजीला माझे काळे फडके द्यावे. तोंड लपवायला उपयोगी पडेल.

३. जंगल कामगारांच्या सोसायटीच्या पहिल्या सभेची काचेची प्लेट, सन १९५४, ही पोचूभाऊंची मुलगी सुकरी हिला. शाळेच्या हॉलात बेचाळीस जण होते. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे बाकांवर उभे अकरा लाकूडतोडे, मधोमध पोचूभाऊ. त्या अकरांचे हात हलून पुसट आले, चेहरे स्वच्छ. तरी सोसायटीचे चिटणीस म्हणाले, "यायले सरळ उभं राहता येत नाई. रांग कापा." मी साफ नाही म्हटले. त्यांनी स्वतः कात्री घेतली आणि कापलेला फोटो सोसायटीत टांगला! ज्यांच्या कुऱ्हाडीवर सोसायटी उभी, तेच बाहेर!

पोचूभाऊ वारल्यावर सुकरी तिथे गेली. "माहा बाप कुठी हाय?" तिने विचारले. "तो हलला," चिटणीस म्हणाले. तिच्याजवळ बापाचा दुसरा फोटो नाही.

४. आता माझ्यावरचा राग. टोपी काढता काढता पोचूभाऊंशी नजरानजर झाली आणि सवयीने माझ्या तोंडून गेले, "जोहार, पोचूभाऊ." तिसऱ्या अंकाला अकराही जणांनी हात जोडले. खुर्च्यांवरच्यांनी मानही हलवली नाही. जोहाराला उत्तर न देणारा माणूस त्या जंगलात मला भेटलेला नाही. चूक माझी होती. बेशिस्त ते ठरले आणि मी भेकड तीन वर्षे गप्प बसलो.

५. प्लेटवरून दोन पूर्ण फोटो काढावेत. एक सुकरीला. दुसरा सोसायटीत, कापलेला उतरवून त्याच खिळ्याला. खाली लिहावे: "हे हलले नाहीत. यांनी जोहार केला."

सही: दादाजी तानबाजी नवघरे
साक्षीदार: वारलू कवडूजी बोरकर, शिंपी; आणि सुगंधाबाई लांजेवार, शिक्षिका. दोघांनी माझ्यासमोर वाचून सह्या केल्या.
ब्रह्मपुरी, ता. ९ डिसेंबर १९५७