ठिपक्यांची साफसफाई

सोमवार, ३ तारीख. सकाळी ६.
फोरमन या आठवड्यात निवृत्त. साहेब म्हणाले, शनिवारी वायरिंगचं ड्रॉइंग वाचून जो पंपाचं पॅनेल बिनचूक जोडेल तो फोरमन, दुसऱ्याची बदली स्टोअरला. उमेदवार दोनच, मी आणि डिप्लोमावाली. तिची नोकरी चार वर्षांची, माझी बावीस. मी तयार पॅनेल बघून दुसरं जोडतो, ड्रॉइंगची गरजच पडली नाही. संकल्प: रोज पूजेनंतर एक तास ड्रॉइंग.

मंगळवार, ४.
पूजा लांबली.

बुधवार, ५. संध्याकाळी.
ड्रॉइंग उघडलं. तीन जागी फिरणारा स्विच: ऑटो, बंद, मॅन्युअल. प्रत्येक जागेची एक तुटक उभी रेघ, आडव्या वायरींवरून गेलेली. उगाच बाऊ करतात. झेरॉक्स मात्र घाणेरडी. रेघांवर माशा बसून गेल्यासारखे काळे ठिपके.

गुरुवार, ६.
व्हाइटनर लावून ठिपके घालवले. ही म्हणाली, "अहो, कामाचं काही पुसत नाही ना?" म्हटलं, स्वच्छतेचं तुला कधीपासून वावडं? मन प्रसन्न.

शुक्रवार, ७.
तिन्ही रेघा सगळ्या वायरींना सारख्याच छेदतात. म्हणजे तिन्ही जागी जोड. मग स्विच हवाच कशाला, असं क्षणभर वाटलं. डिप्लोमावालीला विचारणार होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, अडलं तर विचारा हं." मग नाही विचारलं.

शनिवार, ८. दुपारी.
देवाचं नाव घेऊन जोडलं. तिच्या आधी वीस मिनिटं. ऑटोवर मोटर चालू. मॅन्युअलवर चालू. बंदवरही चालू. साहेबांनी विचारलं, ही थांबणार कधी? म्हटलं, काम मजबूत आहे. शेवटी त्यांनी मेन स्विच पाडला.
डिप्लोमावालीने माझा कागद उजेडात धरला. "काका, ठिपके कुठे गेले? ज्या जागी ठिपका, त्याच जागी जोड!"
कोणी हसलं नाही. मला काहीच वाटलं नाही. डबा खाल्ला. भाजीत मीठ होतं की नाही, आठवत नाही.

रविवार, ९.
हिला सांगितलं, स्टोअर म्हणजे जबाबदारीची जागा, साहेबांनी मुद्दाम मला निवडलं. "बरं," म्हणाली. व्हाइटनरची बाटली केराच्या डब्यात दिसली.

सोमवार, १०.
स्टोअर. फोरमनबाईंनी पहिलं काम पाठवलं: नव्या ड्रॉइंगच्या साठ झेरॉक्स, प्रत्येकीवर ठिपके नीट उमटलेत का बघायचं.
दिवसभर बघितले. सगळे आहेत.