नितीनची ती ओळ

मंगळवार, संध्याकाळ

बजाजनगरला नितीनच्या घरी जाऊन आलो. माझा जुना दोस्त, त्याला जाऊन सहा महिने झाले. चहा देताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी लिहिलेली ती ओळ तेवढी पुसा. पोरगी आता मोबाइलवर बापाचं नाव टाकून शोधती."

ती ओळ मला पाठ आहे. 'हिच्याशी लग्न केलं अन् आयुष्य नासलं.' भांडणाच्या रागात लिहिली होती. दुसऱ्या दिवशी दोघं हसत जेवायला बसले होते.

त्या बिनमालकाच्या सोशल मीडियावर त्याला मीच नेलं. तिथं आवडलेल्या ओळीला क्रिप्टोचं नाणं द्यायचं, आणि एकदा लिहिलेलं कुणालाच पुसता येत नाही. सुरुवातीला तिथं आम्ही चौघं दोस्तच होतो. सरकार आलं तरी पुसता येणार नाय, असं छाती ठोकून सांगायचो.

"कंपनीला अर्ज करा ना," वहिनी म्हणाल्या. कंपनीच नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?

खरं तर दुसरंच सांगायचं होतं. त्या ओळीखाली एकच नाणं आहे. माझं. शेजारी माझं नाव आणि दोन शब्द, 'लई भारी!'

निघताना पोरगी दारापर्यंत आली. "काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

मी खोटं सांगितलं.