पोचूभाऊचा हात

माय,

तुह्या पाया पडतो. मी बरी आहो, दोन टाइम जेवतो.

आज कुष्ठरोगाच्या तपासणीत पोचूभाऊले डोळे मिटाले लावले अन् त्याच्या तळहातावर नायलॉनचा बारीक धागा दहा जागी टेकवला. तो म्हणे, "सुरू कर ना, बाई." माह्यं तर तपासून झालं होतं!

त्याच्या कार्डावर वर्षभर दर महिन्याले 'नसा चांगल्या' लिवलं आहे. "कोनं हातच लावला नाई," तो म्हणे. येळेवर पाह्यलं असतं तर हात वाचला असता, माय!

साहेब म्हणते, जुनंच उतरव. काऊन उतरवू? मी खरं लिवून सही केली.

बाबाचा गुडघा कसा आहे? माह्यी बदली झाली तर त्याहीले समजाव. मी ते खोडनार नाई.

तुही पोरगी,
दिव्यानी