मशीन चालू होती

शनिवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तुम्हीही असालच. तुझा गुडघा काय म्हणतो? मलम लावतेस, की नुसतं कपाटात आहे म्हणून बरं वाटतं? माझ्या धाकटीचा पुढचा दात पडलाय. 'स' म्हणायला गेली की शिट्टी वाजते आणि वर आमच्यावरच रागावते.

पत्र अशासाठी, की हल्ली मी फोन केला की तुझ्यामागे दाजींना नेमका खोकला येतो.

पगाराचं तुला कळलंच आहे. मालक शिलाईच्या हॉलमध्ये आले, मधोमध उभं राहून मशीनच्या खडखडाटात काहीतरी बोलले, आम्ही शिवता शिवता माना हलवल्या. पुढचा पगार आला तो पाव हिश्शाने कमी. विचारायला गेले तर म्हणतात, "तुमच्या तोंडावर विचारलं होतं. एकूण एक बाईनं मान डोलावली!"

ताई, लग्नाआधी तूही त्याच हॉलमध्ये बसायचीस. तिथे मान हलवणं म्हणजे 'कोणी बोलतंय, दिसलं', एवढंच. होकार द्यायचा तर मशीन बंद करून तोंडाने द्यायचा. काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या मालकांना आमची ही सवय कोणी सांगितली?

मालक आत आले तेव्हा मी मशीन बंद करायला हात नेला होता. आपल्या सुपरवायझरने, म्हणजे तुझ्या नवऱ्याने, लांबूनच हाताने खूण केली: चालू ठेव.

मला हे लिहायचं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "कपातीला तू हो म्हणालीस म्हणे?" कोणती कपात, हे तोवर मला माहीतच नव्हतं. तुला कोणी सांगितलं, ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

संघटनेच्या वकीलबाई म्हणाल्या, ठरलेला पगार मालकाला आपल्या मर्जीने कापता येत नाही, आपली स्पष्ट संमती लागते. मात्र गप्प बसून काम करत राहिलात तर तोच होकार धरतील. म्हणून मी लेखी दिलं, काम करते आहे, कपात मान्य नाही. ह्यांचं काम सुटल्यापासून घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय, हे दाजींना काय वेगळं सांगायला हवं?

गुरुवारी कामगार अधिकाऱ्यांपुढे दाजींना एवढंच विचारणार आहेत, मशीन चालू होती की बंद? मालक त्यांना मॅनेजर करणार, असं हॉलमध्ये कुजबुजतात. माझा संशय खोटा निघाला तर मी येऊन त्यांचे पाय धरीन, आणि मला ते मनापासून आवडेल.

हे पत्र त्यांच्यापासून लपवू नकोस. त्यांना दिसेल असंच ठेव.

तुझी कायमची बहीण,
आणि त्यांची गुरुवारपर्यंतची मेहुणी