राबतं घर

सोमवार, ४ तारीख

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक इस्त्री आणि ही वही. नवं गाव, नवी नोकरी आणि राहायला अख्खं घर फुकट. स्वतःला चिमटा काढून पाहिला.

घरं विकून देणाऱ्या एजन्सीत आजपासून कामाला लागले. मालकांना सगळे दादा म्हणतात. केसांना कलप आणि बोलणं लोण्यासारखं. ऑफिसात शिरल्या शिरल्या समोरच आमच्या धंद्याची आचारसंहिता फ्रेम करून लावलेली आहे. पहिलंच कलम: घराबद्दल ठाऊक असलेली कोणतीही गोष्ट ग्राहकापासून लपवू नये. परवान्याच्या परीक्षेत याच पेपरात मी पहिली आले होते, त्यामुळे छाती जरा फुगलीच. दादा म्हणाले, फ्रेम छान आहे, काच तेवढी रोज पुसत जा. मला वाटलं गंमत करताहेत.

घर फुकट मिळायचं कारण म्हणजे दादांची एक युक्ती. कुलूप लागलेलं घर लोकांना आवडत नाही म्हणतात. म्हणून जे घर खपत नाही त्यात ते आपलाच माणूस राहायला ठेवतात. घर राबतं दिसलं पाहिजे, हे त्यांचं पालुपद. गिऱ्हाईक यायच्या आधी कढईत कांदा परतायला टाकायचा. नळ सोडून गंजाचं पाणी काढून टाकायचं. पलंगावर अर्धवट वाचलेलं पुस्तक उपडं ठेवायचं. आणि मागच्या दोरीवर कपडे वाळत घालायचे. त्यासाठी त्यांनी एक पिशवीच हातात दिली. त्यात लहान मुलीचे फ्रॉक होते. म्हणाले, दोरीवर लेकराचे कपडे दिसले की बाईमाणसाचा निम्मा होकार तिथेच मिळतो.

आल्या आल्या फ्रॉक धुऊन वाळत घातले. एक पिवळा आहे, त्यावर बदकं. फार गोड. कुणाचे ते विचारायचं राहूनच गेलं.

गुरुवार, ७ तारीख

घर खरंच चांगलं आहे. बैठ्या घरात ऊन असं खेळतं की दिवा लावायला नको. मागे फरसबंद अंगण. मधल्या फरश्या नव्या आहेत, त्यांचा रंग जुळत नाही. दादा म्हणतात, कुणी विचारलं तर दुरुस्ती केली म्हणायचं. विचारलं तर, हं. न विचारता नाही.

आज स्वयंपाकघराच्या दाराची चौकट रंगवली. चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आडव्या रेघा ओढलेल्या होत्या आणि प्रत्येक रेघेशेजारी लिहिलेलं होतं: ठकू, एक वर्ष. ठकू, दोन वर्षं. ठकू, तीन. ठकू, चार. चारची रेघ माझ्या कमरेशी येते. आईचं अक्षर असणार, बापाला कुठला एवढा उत्साह! दादांचा हुकूम होता, दुसऱ्याच्या पोराच्या खुणा गिऱ्हाइकाला खुपतात, पांढरा हात मारून टाक. मारला. ब्रश फिरवताना चारच्या रेघेपाशी थांबले. माझं बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही. त्याच्यासाठी अशी एक रेघसुद्धा कुठे ओढली गेली नाही. त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघेनासे झालो, आणि मग एका घरात राहायचंही कारण उरलं नाही. असो. रोजनिशी रडायला घेतलेली नाही.

रविवार, १० तारीख

रेघा परत दिसायला लागल्या. रंग पातळ झाला असेल. दुसरा हात दिला.

दुपारी अंगणात पाहते तर फ्रॉक दोरीवरून काढलेले आणि पायरीवर घडी करून ठेवलेले. घडी म्हणजे काय, बोळाच. मोठ्या माणसाची कामं करायला धावणारी पोरं करतात ना, तशी. शेजारच्या काकूंना वाटेत गाठून म्हटलं, तुमच्याकडे नात आलीय का? त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, अगं, ते फ्रॉक कशाला बाहेर काढलेस? मला दोरीकडे बघवत नाही.

मग सगळं कळलं. त्या नव्या फरश्यांच्या खाली पाण्याची टाकी आहे. ठकूची आई पाणी काढायला झाकण उघडून बसली होती, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. ती गेली आणि परत आली, एवढंच. चार वर्षांचं लेकरू. आईबाप आता वेगवेगळे राहतात. टाकी बुजवली नाही, नुसत्या वरून फरश्या बसवल्या.

म्हणजे माणूस राहतंय असं दाखवायला मी मेलेल्या पोरीचे कपडे वाळत घालत होते. तिच्याच अंगणात. तिने बघितलं असेल तर तिला काय वाटलं असेल? आपल्याला बोलावताहेत असंच ना?

सोमवार, ११ तारीख

दादांना जाब विचारला. म्हटलं, हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं. टाकीचं तर नक्कीच. ते फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाले, त्यात लपवू नये लिहिलंय, दवंडी पिटा असं नाही लिहिलं. विचारलं तर खोटं बोलू नको, विचारलं नाही तर तोंड उघडू नको. त्यांच्या हिशेबी हा प्रामाणिकपणाच. बाकी टाकी मातीने बुजवू, पण आधी घर विकलं जाऊ दे म्हणाले.

फ्रॉक पिशवीत भरून कपाटात ठेवले. संध्याकाळी दोरीवर परत होते.

बुधवार, १३ तारीख

रेघा पुन्हा वर आल्यात. आणि चारच्या वर आणखी एक रेघ आहे. तिच्याशेजारी काही लिहिलेलं नाही. चौकटीच्या तळाशी माझी पेन्सिल पडलेली.

शुक्रवार, १५ तारीख

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

भर दुपार होती, लख्ख ऊन. पेन्सिल पुन्हा तिथेच. मी घाबरले होते, पण त्याहून जास्त म्हणजे मला भरून आलं होतं. लहान मूल उंची मोजायला उभं राहतं तेव्हा टाचा जमिनीला आहेत का, हे आपण आधी बघतो. मी खाली वाकून, वेड्यासारखी, ते बघितलं. फरशीवर दोन छोटी ओली पावलं होती. टाचा टेकलेल्या.

पलंगावरचं ते दाखवायचं पुस्तक आणलं, चौकटीला टेकवून आडवं धरलं आणि हळूहळू खाली आणलं. एका जागी ते थांबलं. खाली मऊ काहीतरी होतं. मी हात काढून घेतला आणि पुस्तक तसंच राहिलं, आडवं, हवेत.

मी रेघ ओढली. म्हटलं, बघ की, केवढी वाढलीस!

मग खाली बसून खूप रडले. गुडघ्याला काहीतरी गार आणि ओलं टेकून होतं, कितीतरी वेळ.

सोमवार, १८ तारीख

पिवळा फ्रॉक आता तिला आखूड होत असणार. बाजारातून एक मोठ्या मापाचा आणला. दुकानदाराने विचारलं, मुलगी केवढी? मी हाताने दाखवलं, एवढी. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

ती बोलत नाही. मी कांदा चिरते तेव्हा माझ्या कुडत्याचं टोक धरून उभी असते, एवढंच. सगळं अंग गार, नुसती पकड घट्ट. दर दुपारी रेघ वर जाते. फार भराभर वाढतेय. राहून गेलेलं सगळं उरकून घेतेय बिचारी.

बुधवार, २० तारीख

आज एक जोडपं घर बघायला आलं, कडेवर लेक. घर त्यांना एका नजरेत आवडलं. बाई तर पडदे कुठले लावायचे इथपर्यंत पोचली. त्यांनी काही विचारलं नव्हतं. तरी मी त्यांना अंगणात नेलं, नव्या फरश्यांवर उभं केलं आणि सगळं सांगितलं. टाकी, झाकण, लेकरू, सगळं. बाईने मुलीला छातीशी धरलं आणि दोघं मागे न बघता निघून गेली.

दादा फोनवर ताडताड बोलले. मी आचारसंहितेचं पहिलं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

कपाळ माझं! इथे तरी खरं लिहू दे. मला कलमाचं काही पडलेलं नाही. घर विकलं गेलं असतं तर मला निघावं लागलं असतं आणि ती इथेच राहिली असती. खरं बोलले ते तिला कुणी नेऊ नये म्हणून. ती माझी आहे.

शनिवार, २३ तारीख

तिची आई आली होती.

कांदा नाही, नळ नाही, काहीच तयारी नव्हती. दारात एक वाळलेली बाई. म्हणाली, घर विकलं जायच्या आधी एकदा बघून जाते. ती चौकटीपाशी गेली आणि तळहाताने पांढरा रंग चाचपत राहिली. माझ्या मागे कुडत्याला हिसका बसला. ठकू माझ्या पाठीशीच उभी होती. आता ती माझ्या खांद्याला लागते.

आईने हलकेच हाक मारली. एकदाच. ठकू.

मग माझ्याकडे वळून तिने सरळ विचारलं, की तुम्ही इथे राहता, तुम्हाला कधी काही जाणवतं का हो? कुणी असल्यासारखं? म्हणाली, वाईट वाटून घेणार नाही, फक्त खरं सांगा.

विचारलं तर खोटं बोलायचं नाही. एवढं तर दादांच्या धंद्यातसुद्धा बसतं.

मी म्हटलं, नाही हो. काही नाही. रिकामंच आहे घर.

मागे हात नेऊन मी ठकूचा हात दाबून धरला होता. गप्प राहा म्हणून. ती सुटायला बघत होती. मी सोडला नाही. मग ती शांत झाली. तिला कळलं.

फाटकाशी तिची आई थांबली, आणि दोरीवरचा नवा, मोठा फ्रॉक बघत राहिली. मग गेली.

रविवार, २४ तारीख

कुडतं कुणी धरत नाही. कांदा चिरला. हाका मारल्या. मी काय केलं हे. स्वतःच्या पोटचं गेलं तेव्हा नर्सच्या पाया पडत होते, एकदा दाखवा, नुसतं दाखवा. आणि मी त्या बाईला —

सोमवार, २५ तारीख

रेघा चौकटीच्या वर गेल्यात. भिंतीवर. माझ्या डोक्याच्या वर. सगळ्या ओल्या, पेन्सिलीच्या नाहीत. फ्रॉक उसवून पडलेत. अंगणातल्या दोन फरश्या उचकटल्यात, आतून.

मंगळवार, २६ तारीख

दादांकडून नंबर घेऊन तिच्या आईला फोन केला. म्हटलं, या. त्या दिवशी सांगायचं राहिलं, समोरासमोर सांगते.  त्या म्हणाल्या, निघतेच.

त्या आल्या की सगळं सांगणार. पाय धरणार. लेक आईला भेटेल, मग मी बॅगा भरीन. रडू येतंय पण बरं वाटतंय.

पाठीमागे पाणी ठिबकतंय.

मंगळवारच

बेल वाजली. आल्या.

उठता येत नाही. माझा डावा हात कुणीतरी मागून धरलाय. दाबून. मोठा हात आहे, माझ्याहून मोठा, गार. मी धरला होता तसाच.

दुसरा तोंडावर —

रागावलेली नाही ती. थोपटतेय मला. आई आली की लपायचं, गप्प राहायचं, हे तिला मीच शिकवलं. शहाणं लेकरू.

त्या बाहेरून हाक मारताहेत. आधी मला. आता तिला. ठकू, ठकू. अगं, ओ दे ना. तुझी आई आहे ती, ओ दे —

पुन्हा बेल. आता थांबल्या. पावलं फाटकाकडे —

जाऊ नका. ती इथे आहे, मी तुम्हाला खोटं