अर्ध्या रस्त्यातून

१४ मार्च
चाचणी केंद्र, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत, तुम्ही सगळेही असालच. एवढं लिहून मी उठले, खिडकीपर्यंत जाऊन आले आणि पुन्हा बसले. सध्या माझं असंच चाललंय, एका जागी बूड म्हणून टिकत नाही. घरून फोनवर बोलायचं तर आई शेजारी असते आणि इथून फोनवर हे नीट सांगता यायचं नाही, म्हणून कागद घेतला.

माझं काम नेमकं काय, असं तू मागे विचारलं होतंस. विद्यापीठाने गावाबाहेर एक खोटा रस्ता बांधलाय. सिग्नल आहेत, वळणं आहेत, रहदारी मात्र नाही. तिथे आपोआप चालणाऱ्या गाडीत चालकाच्या जागी मी बसते. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, पाय ब्रेकच्या वर अधांतरी धरायचा. तुझ्या भाषेत, फुकटचा पगार. सध्या आम्ही गाडीला रस्ता ओलांडणारी माणसं ओळखायला शिकवतोय. माणसं म्हणजे स्पंजची एक बाहुली, सरकत्या पट्ट्यावर उभी केलेली. धडक बसली की तिचे हातपाय सुटे होऊन उडतात, आम्ही गोळा करून परत जोडतो. खरं माणूस समोर आलं तरच मी ब्रेक दाबायचा. बाहुलीला लागलं तर लागू द्यायचं, त्याशिवाय गाडीची चूक कळत नाही.

बाहुली कवायतीला निघाल्यासारखी चालायची. वयस्क माणसं अशी चालत नाहीत, म्हणून आमचे प्रकल्पाचे सर म्हणाले, घरच्या वडीलधाऱ्यांना आणा, त्यांची चाल कॅमेऱ्यात टिपू. सगळ्या गाड्या बंद ठेवून, अर्थात. मी आईला घेऊन गेले. स्वारी सकाळपासून खुशीत होती. सरांना म्हणाली, "रस्त्यावर एक खड्डा नाही तुमच्या. खोटा आहे ते लगेच कळतं." सगळे हसले. तुझ्याशीही फोनवर अशीच बोलत असेल. म्हणून तर तुला वाटतं, मी राईचा पर्वत करते.

मी पलीकडच्या कडेला उभी होते. आई माझ्याकडे बघत निघाली, अर्ध्या रस्त्यात थांबली, वळली आणि भराभरा मागे गेली. सर एकदम खूश. "हे आम्हाला सुचलंच नसतं," म्हणाले. आता बाहुली तशीच चालते. अर्ध्यात थांबते, मागे फिरते. सगळे तिला आजी म्हणतात. ती वळेल हे गाडीच्या ध्यानात येत नाही आणि गाडी तिला उडवते.

आज सकाळी मी ब्रेक दाबला. सर म्हणाले, "पाय आवरा बाई. तुम्हीच थांबवलंत तर गाडी शिकणार कशी?" मी सॉरी म्हटलं आणि पुढच्या खेपेला परत दाबला. मग परत. शेवटी मला उतरवून दुसऱ्याला बसवलं आणि मी इथे वरच्या खोलीत येऊन तुला लिहितेय. मधेच शेजारच्या काकूंना फोन केला. आई झोपलीय म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा केला, तर वैतागल्या.

काकूंना आपल्या घरी बसवून का यावं लागतं, हे सांगायला कागद घेतला आणि बाहुलीचं पुराण लावून बसले. दादा, गेल्या आठवड्यात आई एकटीच बाहेर पडली. चौकात, भर रहदारीत, अशीच थांबून मागे फिरली. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. त्यानेच तिला घरी आणलं आणि मला चांगलं फैलावर घेतलं. डॉक्टर म्हणतात, हे विसरणं आता वाढतच जाणार. मला ती कधीकधी मावशी समजते. तुझा आवाज मात्र अजून ओळखते.

ती का वळते हे इथे कुणालाच माहीत नाही. इथे चाल टिपली त्या दिवशी मी धावत जाऊन आईला विचारलं होतं. माझ्यावरच डाफरली. "तू पोचलीस ना? मग थांब तिथेच. दादा मागे राहिलाय. त्याला येतो का एकट्याला रस्ता ओलांडता?"

केवढा घोडा झालास तरी तिचं बोट सोडायचा नाहीस, आणि मी चिडवून चिडवून तुला रडवायचे. टेम्पोवाल्यालाही तिने हेच सांगितलं म्हणे, मुलगा पलीकडे राहिलाय.

पुढच्या वर्षी सवडीने येतो, असं तू लिहिलंयस. पुढच्या वर्षी ती तुला ओळखेल का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. मला तुझा राग येतो. रोज तिच्या डोळ्यांपुढे मी असते आणि ती शोधते तुला. हेवाही वाटतो, खोटं कशाला सांगू. ते भांडण आपण सावकाश भांडू. आधी तू ये. तिचं बोट धरून एकदा तो रस्ता ओलांड. तू सुखरूप पोचलास हे तिला तिच्या डोळ्यांनी बघू दे. त्याने कदाचित काहीच होणार नाही. तरी ये.

आत्ता खालून टाळ्या ऐकू आल्या म्हणून खिडकीशी जाऊन आले. गाडी थांबायला शिकली. अगदी वेळेवर थांबली, माझ्या पायाशिवाय. आजी गाडीसमोरून वळली, सरकत सरकत निघाली होती त्याच कडेला परत गेली आणि उभी राहिली. तिथे कुणीच नव्हतं.

पलीकडे एकटीच थांबलेली,
तुझी धाकटी